फ्लूची महासाथ आणि परदेशातले मराठी घर : तयारी आणि काळजी

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात एच१एन१चा, म्हणजे स्वाइन फ्लूचा, नवा विषाणू आढळला आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. पहिल्या बातमीपासून या घोषणेपर्यंत दोन महिनेसुद्धा गेले नव्हते. भारतातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला, तो अमेरिकेहून आलेला प्रवासी होता; आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो या साथीतला देशातला पहिला मृत्यू ठरला. बंद शाळा, तोंडाला बांधलेले रुमाल आणि तपासणीसाठी लागलेल्या रांगा पुणेकरांच्या चांगल्या लक्षात आहेत. आपल्या गावात अशी साथ आली तर कुठे जायचे, कोणाला फोन करायचा, हे आपल्याला निदान अंदाजाने ठाऊक असते. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेल्या आजीआजोबांना, म्युनिकमध्ये शिकणाऱ्या मुलाला किंवा शारजात चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराला ते ठाऊक नसते, आणि ताप चढल्यावर ते शोधत बसण्याची ताकद उरत नाही.

या सगळ्या तयारीत मी एका गोष्टीला सर्वांत वरचे स्थान देतो : साथ आली की पहिल्या विमानाने घरी परतू, हा बेत धरून चालू नये. कोविडच्या वेळी २२ मार्च २०२० पासून भारतात येणारी प्रवासी विमाने थांबली, आणि परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतली पहिली विमाने ७ मे रोजी आखातातून निघाली. त्यातही वकिलातीकडे आधी नाव नोंदवावे लागे, तिकीट स्वतःच्या पैशाने काढावे लागे आणि गरोदर स्त्रिया, वृद्ध, व्हिसा संपत आलेले यांचा क्रम आधी लागे. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांची तर वेगळीच पंचाईत झाली, कारण ओसीआय कार्डावरचा (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावरचा) प्रवेश स्थगित होता आणि अशा मुलांसाठी ती अट २२ मे रोजी सैल करण्यात आली. म्हणून जिथे आहोत तिथेच सहा-आठ आठवडे नीट राहता येईल का, हा प्रश्न निघण्यापूर्वीच स्वतःला विचारावा. पुढची बहुतेक तयारी त्याच्या उत्तरातून निघते.

निघण्यापूर्वी

फ्लूची हंगामी लस प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी, कारण शरीराला प्रतिकारशक्ती उभी करायला तेवढा वेळ लागतो. नव्या महासाथीच्या विषाणूवर ही लस चालेलच असे नाही. तरीही ती घ्यावी, कारण साथीच्या दिवसांत साधा फ्लू झाला तरी गोंधळ तोच होतो आणि एकामागून एक दोन आजार अंगावर काढणे वडीलधाऱ्यांना झेपत नाही. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी न्यूमोकोकल लसीबद्दलही आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण फ्लूनंतर जिवावर बेतते ते बहुधा न्यूमोनियामुळे. नव्या विषाणूची लस तयार होऊन लोकांपर्यंत पोचायला मात्र महिने जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलै २०१० मध्ये बाजारात आली आणि १० ऑगस्टला साथ संपल्याची घोषणा झाली! लस येईपर्यंतचा काळ हात, मास्क, अंतर आणि औषधांचा साठा यांवरच काढायचा असतो, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

नेहमीच्या गोळ्या परतीच्या तारखेपर्यंत मोजून नेण्याची आपल्याकडे सवय आहे. साथीच्या काळात ती धोक्याची ठरते. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांपर्यंतची औषधे नेता येतात, तेवढी न्यावीत. भारतातून कुरिअरने गोळ्या मागवण्याच्या भरवशावर राहू नये, कारण विमाने थांबली की कुरिअरही रखडते आणि पुष्कळ देशांत औषधांचे पार्सल कस्टममध्ये अडते. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या सामानात असाव्यात. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात अजिबात टाकू नये. तिथल्या थंडीत ते गोठले की निकामी होते. आखाती देशांत जाणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल किंवा झोपेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित औषधांत मोडतात आणि आगाऊ परवानगीशिवाय सापडल्यास प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते.

प्रत्येकासाठी एक कागद तयार करावा आणि तो पासपोर्टसोबत ठेवावा. त्यावर आजार, औषधांची मूळ नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे, कोणती लस कधी घेतली, विम्याचा क्रमांक आणि दोन नातेवाइकांचे फोन इंग्रजीत लिहावेत. गोळीला कंपनीने दिलेले नाव पुरेसे नसते. ‘ती पिवळी बीपीची गोळी’ हे वर्णन तर सातासमुद्रापार कोणाच्याही उपयोगाचे नाही. या कागदाचा फोटो मुलांच्या फोनमध्येही असू द्यावा.

विम्याबाबत आपल्याकडे हप्ता पाहिला जातो, अटी वाचल्या जात नाहीत. पाहायच्या गोष्टी तीन : महासाथीमुळे झालेला आजार वगळला आहे का, आधीपासून असलेल्या रक्तदाब-मधुमेहामुळे वाढलेला आजार कितपत धरला आहे, आणि मुक्काम लांबला तर पॉलिसी परदेशातूनच वाढवता येते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती पॉलिसी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, असे माझे मत आहे.

विमानतळावर आणि विमानात

अंगात ताप असेल तर प्रवास करू नये. पॅरासिटामॉल घेऊन ताप दडपायचा आणि तपासणीच्या कॅमेऱ्यासमोरून निघून जायचे, ही हुशारी नव्हे. बारा-चौदा तासांच्या विमानात ती शेजारच्यांना महागात पडते आणि उतरल्यावर आपल्यालाही. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस आजार पसरवू लागतो. त्यामुळे विमानतळावरच्या तापमापकातून सुटलेला प्रत्येक प्रवासी निरोगी असतो असे समजू नये.

विमानातली हवा गाळण्यांतून फिरत असते. खरा संसर्ग बोर्डिंगची रांग, इमिग्रेशनची गर्दी आणि आजूबाजूच्या एक-दोन रांगांतले प्रवासी यांच्याकडून होतो. एन-९५ मास्क घरून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंत ठेवावा, शक्य तर खिडकीची जागा घ्यावी आणि हात धुतल्याखेरीज डोळे-नाक चोळू नये. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के असावे. साबण-पाणी मिळत असेल तर ते केव्हाही अधिक चांगले. हातातल्या पिशवीत आठवडाभराचे औषध, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड ठेवावा. १ मे २००९ रोजी हाँगकाँगच्या वान चाय भागातल्या एका हॉटेलात मेक्सिकोहून आलेला एक पाहुणा बाधित निघाला आणि पाहुणे व कर्मचारी मिळून सुमारे तीनशे माणसे सात दिवस त्या हॉटेलात बंद झाली. त्यांपैकी बहुतेकांचा त्या पाहुण्याशी काही संबंधही नव्हता.

घरात कोणी आजारी पडले तर

साथीच्या बातम्या येऊ लागताच घरात दोन आठवडे पुरेल एवढे धान्य, डाळी, तान्ह्या बाळाचे सामान आणि औषधे भरून ठेवावीत. आजारी माणसाने दुकानात जाऊ नये आणि निरोग्यांनीही गर्दीत वारंवार जाऊ नये, एवढाच यामागचा हेतू आहे. गाडीभर टॉयलेट पेपर आणून ठेवण्याची मुळीच गरज नाही.

ताप मोजण्यापासूनच घोळ सुरू होतो. आजीने सोबत आणलेला थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असतो आणि लंडनच्या हेल्पलाइनवरची परिचारिका सेल्सिअसमध्ये विचारते. फ्रिजवर चिकटवण्याजोगे कोष्टक सोपे आहे : १००.४ म्हणजे ३८, १०२.२ म्हणजे ३९ आणि १०४ म्हणजे ४०.

दुसरा घोळ गोळ्यांच्या नावांचा. आपली क्रोसिन, आखातातली आणि ब्रिटनमधली पॅनाडॉल आणि अमेरिकेतली टायलेनॉल ही एकाच औषधाची नावे आहेत. अमेरिकेत पॅरासिटामॉलला असिटॅमिनोफेन म्हणतात, एवढाच फरक. तिथे सर्दी-तापासाठी दुकानात सहज मिळणाऱ्या डेक्विल, नायक्विल किंवा ब्रिटनमधल्या लेमसिपमध्येही तेच औषध असते. त्यामुळे सकाळी सोबत आणलेली क्रोसिन, दुपारी सुनेने दिलेली टायलेनॉल आणि झोपताना नायक्विल, असे झाले तर आजोबांच्या यकृतावर तिप्पट भार पडतो आणि घरात कोणाच्या ते ध्यानीही येत नाही. प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही या औषधाची वरची मर्यादा आहे; वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ती आणखी खाली येते. एका कागदावर वेळ आणि गोळी लिहीत जावे. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, म्हणून पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय त्या वडीलधाऱ्यांना देऊ नयेत. अठरा वर्षांखालच्या मुलांना तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नये, कारण फ्लूमध्ये त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. आजोबांची हृदयासाठीची रोजची ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर, म्हणजेच टॅमीफ्लू, लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर सर्वाधिक गुण देते. प्रौढांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, अशी नेहमीची मात्रा असते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास ती कमी करावी लागते आणि मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुले, वृद्ध आणि जुना आजार असलेले यांनी तपासणीच्या निकालाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. आल्याचा काढा, हळदीचे दूध, गरम पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम पडतो, ते जरूर करावे. परंतु ‘आधी दोन दिवस काढा घेऊन पाहू’ म्हणताना निघून जातात ते नेमके हेच ४८ तास. मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफारा देऊ नये, त्यात भाजण्याचे अपघात होतात. भारतातून ‘असू द्यावीत’ म्हणून आणलेली ॲझिथ्रोमायसिनची पट्टी फ्लूच्या विषाणूवर काहीही करत नाही.

आजाऱ्याला शक्यतो स्वतंत्र खोली द्यावी आणि शुश्रूषा एकानेच करावी. हा माणूस घरातला धडधाकट असावा, गरोदर किंवा वृद्ध नसावा. आपल्याकडे आजाऱ्याजवळ बसणे हा मायेचा भाग असल्यामुळे आजीला दाराबाहेर थांबवणे कठीण जाते, तरी ते करावे. एकाच खोलीचे घर असेल तर पलंग खिडकीजवळ घ्यावा, दोघांनीही मास्क लावावा आणि बाहेर कितीही थंडी असली तरी दिवसातून अनेकदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात. ताप उतरवणारी गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच माणसाने घराबाहेर पडावे. फ्लूचा रुग्ण साधारण पाच ते सात दिवस संसर्ग पसरवतो आणि लहान मुले त्याहूनही अधिक काळ.

खाण्याची इच्छा नसेल तर भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक द्यावे, आणि उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस. त्याची पाकिटे नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. इथे चमचा म्हणजे चहाचा. मधुमेही माणसाची साखर तापात वर जाते, म्हणून खाणे कमी झाले तरी इन्सुलिन आपल्या मनाने थांबवू नये. साखर दर चार-सहा तासांनी तपासावी आणि आकडे लिहून डॉक्टरांना कळवावेत.

बाळंतिणीचे घर असेल तर नियम अधिक कडक हवेत. २००९ च्या साथीत गरोदर स्त्रिया आणि तरुण माणसे गंभीर आजारी पडली, तर पुष्कळ ज्येष्ठांना जुन्या संसर्गांमुळे काही प्रमाणात संरक्षण मिळालेले दिसले. तेव्हा काळजी केवळ आजी-आजोबांचीच करायची असते असे नाही. गरोदरपणात फ्लूची टोचायची लस कोणत्याही महिन्यात घेता येते आणि तिचे संरक्षण बाळापर्यंत पोचते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र गरोदर स्त्रीला चालत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून त्याला हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती घेतलेली असणे हेच त्याचे कवच होय. आई आजारी पडली तरी स्तनपान बंद करू नये. मास्क लावून, हात धुऊन पाजावे, आणि तेवढी ताकद नसेल तर काढलेले दूध दुसऱ्या कोणी पाजावे. बारशाचा बेत पुढे ढकलावा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरी औषध न देता थेट रुग्णालय गाठावे.

दवाखान्यात कधी आणि कसे जावे

बहुसंख्य लोक घरीच बरे होतात आणि किरकोळ तापासाठी तातडीच्या विभागात जाऊन बसणे म्हणजे नसलेला आजार घेऊन येणे होय. पण पुढील लक्षणे दिसली तर थांबू नये : बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, बोलण्यात गोंधळ, झटका येणे, आठ-दहा तास लघवी न होणे, ऑक्सिमीटरवरचा आकडा सतत ९४ च्या खाली राहणे. ताप उतरून माणूस सावरला आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा जोरात ताप व खोकला आला, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

लहान मुलाचा श्वास मोजायला शिकून घ्यावे. मूल शांत किंवा झोपलेले असताना सदरा वर करून पोटाकडे पाहावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास चूक होते. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०, यांच्या बरोबरीने किंवा वर गेल्यास, तसेच श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असल्यास, तातडीने निघावे.

निघण्यापूर्वी फोन करावा, म्हणजे रुग्णालयवाले वेगळ्या दाराने घेतात आणि मास्कची व्यवस्था करतात. इंग्लंडमध्ये आधी १११, जिवावर बेतले तर ९९९. जर्मनीत डॉक्टरसाठी ११६११७ आणि तातडीसाठी ११२, जो युरोपीय संघात सगळीकडे चालतो. अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८. हे क्रमांक आजीआजोबांच्या फोनमध्ये मराठीत नाव घालून साठवावेत.

खर्चाच्या भीतीने उशीर करणारे बरेच असतात, म्हणून दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. इंग्लंडमध्ये महासाथीच्या फ्लूचे निदान आणि उपचार परदेशी पाहुण्यांनाही विनामूल्य आहेत, जरी इतर आजारासाठी भरती झाल्यास शुल्क लागत असले तरी. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याप्रमाणे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला पैशाची ऐपत न पाहता तपासणी करून रुग्ण स्थिर करावाच लागतो. बिल नंतर येते आणि ते मोठे असते, म्हणून त्रास सौम्य असेल तर अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ तातडीसाठीचा दवाखाना, बरा. या दोन्ही देशांतल्या रुग्णालयांत दुभाषा मागता येतो, बहुधा फोनवरून. ‘मराठी’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर हिंदी गृहीत धरले जाते आणि गावाकडच्या आजीला छातीतले दुखणे हिंदीत सांगता येतेच असे नाही.

एकटे राहणारे आणि खोली वाटून घेणारे

विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी आपापल्या जोड्या लावाव्यात : दोघांनी रोज ठरल्या वेळी एकमेकांना फोन करायचा, आणि उत्तर आले नाही तर दाराशी जायचे. डबा दाराबाहेर ठेवण्याची सोय स्थानिक महाराष्ट्र मंडळे करू शकतात, पण त्यांच्या यादीत आपले नाव आधीपासून असावे लागते. दोन्ही पालक आजारी पडल्यास मुले कोणाकडे जातील, हे शाळेच्या संपर्क यादीत लेखी द्यावे. नाहीतर शाळा शेजाऱ्याच्या हाती मूल देत नाही. खोली वाटून राहणाऱ्या कामगारांनी ताप लपवू नये आणि कामाच्या ठिकाणी लेखी कळवावे. पैशाअभावी अडकलेल्यांना वकिलातीच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते आणि तक्रार ‘मदद’ पोर्टलवर नोंदवता येते.

मुक्काम लांबला तर व्हिसाकडे लक्ष असू द्यावे. अमेरिकेत राहण्याची मुदत पासपोर्टवरच्या व्हिसाच्या तारखेवर नव्हे, तर देशात शिरताना होणाऱ्या आय-९४ नोंदीवर ठरते, आणि मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज ती तारीख उलटण्यापूर्वी द्यावा लागतो. विमाने बंद आहेत म्हणून आपोआप सवलत मिळेल असे धरू नये. रद्द झालेल्या तिकिटाचा ईमेल त्या अर्जासोबत जोडावा. भारतात परतल्यावर आठवडाभर घरातल्या वृद्धांपासून थोडे अंतर राखावे, आणि ताप आलाच तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की आपण कोणत्या देशातून, कोणत्या तारखेला आलो.